सावली शोधेल ती बेंचवर

पोरींच्या बास्केटबॉलची गोष्ट सांगतो म्हणलं की समोरचा माणूस लगेच खुर्ची पुढं ओढतो. त्याला वाटतं, आता शेवटचा सेकंद येणार, बॉल रिंगवर गरगर फिरणार, अख्खं ग्राउंड श्वास धरणार आणि गावाकडची एक साधी पोरगी हवेत उडून कप घेऊन येणार. तुम्हालाही तसंच वाटलं असंल. खुर्ची मागं घ्या. यात मॅच नाही, कप नाही. कॉमेंट्री पाहिजे असंल तर तोंडानं करून देतो, हिंदीत पण देतो, मधल्या जाहिरातीसकट. पण त्या दिवशी बॉल रिंगमधून जाताना मी बघितलाच नाही. मी फक्त त्याच्या टप्प्यांचा आवाज ऐकला आणि उसाचा रस पीत बसलो.

मला आवाज काढता येतात. देवानं एवढी एकच गोष्ट नीट दिली. फुलंब्रीच्या शाळेत असताना हेडसरांचं खाकरणं मी असं काढायचो की मागच्या बाकावरची पोरं खरंच उठून उभी राहायची. एसटीचा कंडक्टर, कांद्याच्या लिलावातला माणूस, लग्नात माईक टेस्ट करणारा, बंद पडता पडता चालू होणारा कूलर, सगळं. आई मावशीशी फोनवर बोलत असली की मी मागं जाऊन वडिलांसारखा खोकायचो. आई घाईनं "बरं, ठेवते" म्हणायची, मग वळून बघायची आणि चप्पल शोधायची. लोक हसले की मला जेवण झाल्यासारखं वाटतं. आणि दहा जणांत एखादा नाही हसला की तो एकटाच दिसत राहतो, बाकीचे दिसेनासे होतात. ही सवय लई महागात पडली. मला नाही, दुसऱ्याच कुणाला.

आमच्या शाळेत बास्केटबॉलचा एकच पोल होता. त्याला पंधरा ऑगस्टला लायटिंग आणि बाकी वर्षभर शिपायाची बकरी. पोरींचा खेळ म्हणजे खो-खो आणि लंगडी, तेही गॅदरिंगपुरतं. त्यामुळं कॉलेजला शहरात आलो, माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या खोलीवर राहायला लागलो आणि तिच्यामागं पहिल्यांदा ग्राउंडवर गेलो तेव्हा वाटलं आपण चुकीच्या गेटनं आत आलो. अख्खा कोर्ट पोरींनी भरलेला. स्कूटीवरून यायच्या, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, डोळे तेवढे उघडे. स्कार्फ सुटला की आतून जर्सी निघायची. पोरं जाळीला लटकून म्हणायची, "ताई, जरा हाफ कोर्ट द्या ना." पोरी म्हणायच्या, "आमचं झाल्यावर."

गेटवरचा वॉचमन चाचा सांगायचा, "पयले बच्चियां कोने में टप्पा मारते थे. अब लडके लोगां कोने में खडे रैते. जमाना घूम गया, मियां."

बाहेरच्या चहाच्या टपरीवर बाप लोक बसायचे. आधी पोराच्या मार्कांवर बोलणारी माणसं आता म्हणायची, "आमचीनं काल लांबून टाकला, तीन पॉइंटवाला." त्यातल्या निम्म्यांना तीन पॉइंट कशाला देतात हे माहीत नसायचं, पण छाती तेवढीच फुगायची.

हे सगळं उभं केलं होतं मॅडमनं. मॅडम एका शाळेत पीटी शिकवतात आणि सकाळ-संध्याकाळ ग्राउंडवर पोरींना खेळवतात. तोंडात लवंग, गळ्यात शिट्टी. त्यांना मोबाईलवर टाईप करणं अजिबात आवडत नाही. सगळं आवाजात पाठवणार. आणि पाठवायच्या आधी मोबाईलवर फुंकर मारणार, कार्यक्रमात माईकवर मारतात तशी. फूऽऽ. मग, "ऐका गं पोरींनो." मग जे काय सांगायचं ते. आणि शेवटी, "संपलं." मधी श्वास कुठं घ्यायचा, 'पोरींनो'मधला 'री' किती ओढायचा, हे सगळं मला पाठ. ताईला मॅडमचा निरोप आला की मागोमाग माझा आलाच. ताई म्हणायची, "डोळे मिटले की मला खरंच भीती वाटते रे तुझी." मला हे कौतुक वाटायचं.

त्या वर्षीचा मे महिना आठवतो ना? पारा चाळिशी ओलांडून परत यायचंच नाव घेत नव्हता. नळाला पाणी यायचा दिवस लांबलेला, माठातलं पाणीसुद्धा दुपारी कोमट. मॅडमनं प्रॅक्टिस फक्त सकाळी लवकर घेतली. सगळ्या पोरींच्या गळ्यात ओला नॅपकिन, पिशवीत कांदा, बाटलीत मीठ-साखरेचं पाणी. कांद्यावर मॅडमचा विश्वास नव्हता, पण म्हणायच्या, "आईनं दिलाय ना, राहू दे, आईचं समाधान." उन्हानं बुटांचे सोल निघायचे. बॉल ओल्या पोत्याखाली झाकून ठेवावे लागायचे. आणि मॅडम तरीपण पाच-पाच मिनिटांनी शिट्टी मारून सगळ्यांना लिंबाच्या झाडाखाली हाकलायच्या. कुणी म्हणलं, "मॅडम, मला नाही लागलं ऊन," की म्हणायच्या, "तुला विचारलं का? सावलीत."

हे लक्षात ठेवा. खऱ्या मॅडम पोरींना सावलीत हाकलायच्या.

मग सकाळीसुद्धा झळा यायला लागल्या आणि त्यांनी प्रॅक्टिसच बंद केली. निरोप आला, "फूऽऽ. ऐका गं पोरींनो. पुढचं सांगेपर्यंत कुणी ग्राउंडवर यायचं नाही. घरी पाणी प्या, झोपा. ट्रायल कुठं पळून जात नाही. संपलं."

पण ट्रायल अगदी जवळ आली होती. जिल्ह्याची टीम निवडायची होती. सगळ्या पोरी घरात बसून चरफडत होत्या, आणि सगळ्यात जास्त कोण असंल तर करमाडची पोरगी. ती टीममधली सगळ्यात नवी, दहावी झालेली, उंचीनं सगळ्यांच्या वर. बसनं यायची, बसनं जायची. सगळ्या तिला 'करमाड' म्हणूनच हाक मारायच्या. वडिलांची गावात पिठाची गिरणी. त्यांनी लई मिनतवारीनं हो म्हणलं होतं, तेसुद्धा एका अटीवर, या ट्रायलला नाव आलं तरच पुढं खेळ, नाहीतर बास. तिला स्वतःचा मोबाईल नव्हता. मॅडमचा निरोप ताईनं वडिलांच्या मोबाईलवर पुढं पाठवायचा, अशी पद्धत मॅडमनंच लावून दिली होती. प्रत्येक मोठ्या पोरीनं एका धाकटीला निरोप पोचवायचा. ताईच्या वाट्याला करमाड.

आता माझा पराक्रम.

संध्याकाळी आम्ही कूलरसमोर बसलो होतो. ताई कंटाळून म्हणाली, "मॅडम लई मऊ झाल्यात या उन्हानं." मी म्हणलं, "थांब, कडक करतो." आणि मोबाईलवर बटण दाबून सुरू झालो, "फूऽऽ. ऐका गं पोरींनो. उन्हाला भिणाऱ्यांनी घरी बसून पोळ्या लाटाव्यात. उद्या दुपारी बरोबर बारा वाजता ग्राउंडवर. टोपी नाही, स्कार्फ नाही. जी सावली शोधेल ती बेंचवर. संपलं."

ताई गादीवर पडून हसली. डोळ्यांतून पाणी. मग उठून म्हणाली, "पुरे, डिलीट कर ते. कुणाला पाठवू नको." आणि खाली गेली, कारण तेवढ्यात नळ आला होता आणि बादल्या लावायच्या होत्या.

तिचा मोबाईल गादीवर राहिला. एकाच माणसानं हसणं मला कधी पुरलं नाही. मी माझा आवाज तिच्या मोबाईलवर घेतला आणि टीममधल्या ज्या पोरींची नावं वर वर दिसली त्या सगळ्यांना पाठवून दिला. लगेच हसरी तोंडं यायला लागली. एक म्हणाली, "मेले!" एक म्हणाली, "तुझा भाऊ नाटकात का जात नाही?" त्या सगळ्यांना माझा चावटपणा माहीत होता. मी खुश. फक्त एका ठिकाणी दोन निळ्या टिका आल्या आणि बाकी काहीच नाही. ऐकलं, आणि हसली नाही. ती करमाड.

मी काय विचार केला असंल? तिला खरं वाटलं का? नाही. मी विचार केला, भाव खाते. खरं सांगतो, मला राग आला. मी मनात तिची नक्कलसुद्धा करून टाकली, मान ताठ करून चालते तशी. मग ताईचा पाय जिन्यावर वाजला तसं मी सगळं तिच्या मोबाईलवरून पुसलं. आमच्याकडचं पुसलं, करमाडचं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोस्तांबरोबर ग्राउंडच्या समोरच्या रसवंतीत बसलो होतो. रस्त्यावर कुत्रं नाही. चरकाच्या घुंगरांचा आवाज, बर्फ, लिंबू, आणि मी. माझे आवाज चालू होते. मधीच जाळीपलीकडून दुसरा आवाज आला. धप, धप, धप. मग थोडं थांबून पत्र्यावर लागल्यासारखा, ठाण्. परत धप, धप.

एक दोस्त म्हणला, "कोण येडं खेळतंय बे या टायमाला?"

मी लगेच फुंकर मारली. "फूऽऽ. ऐका गं पोरींनो. जी सावली शोधेल ती बेंचवर." सगळे टेबल बडवून हसले. रसवंतीवाला पण हसला. मी म्हणलं, "अजून एक गिलास, बर्फ जास्त."

ते टप्पे चालू होते तोवर मी रस पीत होतो. मला माहीत होतं की कुणीतरी खेळतंय. मला माहीत होतं की आज बारा वाजता ग्राउंडवर यायचं असं कुणी बोललं होतं, आणि कोण बोललं होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेल्या होत्या आणि मी त्यांची ओळख करून दिली नाही. किंवा दिली असंल आणि बर्फ जास्त मागितला असंल. हे मला अजून नक्की सांगता येत नाही, आणि तेच मला खातं.

मग टप्पे थांबले. थोड्या वेळानं, जेवायला गेलेला चाचा आम्हाला हसताना बघत आत गेला आणि त्याची आरोळी ऐकू आली. "अरे बच्ची गिर गई! कोई है क्या!"

मी तिकडं पळालो. ती कोर्टच्या कडंला पडली होती. लिंबाची सावली तिच्या हातापासून दीड-दोन पावलांवर होती. म्हणजे जरा सरकली असती, नुसती लोळली असती तरी सावलीत गेली असती. स्कार्फ घडी करून पिशवीवर ठेवलेला. टोपी नाही. अंग भाजल्यासारखं गरम आणि घामाचा थेंब नाही. मी आणि चाचानं तिला सावलीत ओढलं, बॉल झाकायचं पोतं भिजवून तिच्यावर टाकलं, रसवंतीवाल्यानं बर्फाचा तुकडा फडक्यात बांधून आणला. रिक्षात ती सारखी उठून बसत होती. डोळे कुठंतरी भलतीकडं.

"मॅडम, मी नाय गेले," ती म्हणत होती. "मी सावलीत नाय गेले, मॅडम."

मी म्हणलं, "पडून राहा गं, पडून राहा." ती ऐकेना. चाचानं सांगितलं, ऐकेना. मग मी काय केलं ते सांगायची मला लाज वाटते, पण तिथं दुसरं सुचलं नाही. मी मॅडमच्या आवाजात म्हणलं, "झोप. शाबास. संपलं." आणि ती पोरगी लगेच आडवी झाली. डोळे मिटले. चाचा माझ्याकडं बघतच राहिला. त्यानं बर्फाचं फडकं माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतलं.

दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणली, राहील चांगली. मी बाहेर बाकावर तिचा बॉल मांडीवर घेऊन बसलो. जुना बॉल होता, मॅडमनं तिला घरी भिंतीवर मारायला दिलेला.

संध्याकाळी तिचे वडील आले, अंगावर पीठ तसंच. मॅडम आल्या, त्यांच्यामागं ताई आली. वडिलांनी खिशातून मोबाईल काढला आणि पूर्ण आवाजात लावला. फूऽऽ. ऐका गं पोरींनो. पांढऱ्या फरशीच्या त्या लांबड्या व्हरांड्यात माझा आवाज असा घुमला की नर्सनं आतून डोकं बाहेर काढलं.

"ह्यो तुमचा आवाज हाये का नाय?" ते म्हणले. "मीच पोरीला बसमधी बसवून दिलं. म्हणलं, मॅडमनं बोलावलंय तर जा. माझ्या हातानं बसवून दिलं."

मॅडमनं मोबाईल हातात घेतला. ताई मॅडमचेच निरोप पुढं पाठवते, हे सगळ्यांना पक्कं. परत ऐकला. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता. म्हणाल्या, "आवाज माझाच आहे. पण मी हे बोलले नाही."

"आवाज तुमचा आन् बोललं कोण, भिंत?"

"मी असं बोलणार नाही हो."

"पोरगी परत येणार नाय," वडील म्हणले. "ट्रायल नाय न् काय नाय. हितं संपलं."

तेव्हा ताईनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. तिनं तोंड उघडलं. आणि मी तिच्या पायावर पाय ठेवला. जोरात. ताई गप्प झाली. आपल्याच मोबाईलवरून गेलंय म्हणजे आपलंही नाव टीममधून कटणार, हे तिच्या डोक्यात आलं असंल. पण ते तिच्या डोक्यात यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझ्या पायानं मिळवून दिला.

पुढचे दोन-तीन दिवस ग्राउंड बंद, पोरी आपापल्या घरी, करमाडचं कुणाला कळलंच नाही. ताई ताट वाढायची आणि भिंतीकडं तोंड करून जेवायची. मी एकही आवाज काढला नाही. एकदा कूलर बंद पडला आणि मी सवयीनं त्याचा आवाज काढायला गेलो, तर ताई उठून गच्चीवर गेली, त्या उन्हात.

आणि मग मॅडमचा निरोप आला. ताईनं मोबाईल माझ्यासमोर ठेवला. टाईप केलेला होता. 'ट्रायल परवा सकाळि सहा. पाणि आणने.' वेलांट्या चुकलेल्या, एकेक अक्षर चष्मा लावून शोधून काढलेलं. फुंकर नाही. ऐका गं पोरींनो नाही. त्या बाईनं बोलणंच बंद केलं होतं. मी तो निरोप बघत बसलो. इतका लहान होता तरी वाचून संपेना.

ताई म्हणाली, "मी मॅडमना जाऊन सांगते. आपल्या घरातून गेलंय. पण करमाडला तू जायचं. तुझं तोंड, तू घेऊन जा."

सकाळच्या पहिल्या बसनं गेलो. करमाडला उतरलो तेव्हा ऊन अजून पिवळंच होतं, पण डांबर आतूनच तापलेलं. गिरणी शोधावी लागली नाही, आवाज लांबून येत होता. दारात बाया डबे घेऊन ओळीनं बसलेल्या. आत तिचे वडील, पापण्यासुद्धा पांढऱ्या.

मी म्हणलं, "काका, तो आवाज माझा होता."

"काय?"

"तो आवाज! माझा होता!"

"ज्वारी का गहू?"

गिरणीच्या घरघरीत काही ऐकू जाईना. मी मोठ्यानं ओरडलो, "मॅडमचा आवाज मी काढला होता! मॅडमनी नाही बोलावलं तुमच्या पोरीला! मी गंमत केली!" आणि नेमकं 'गंमत' म्हणायच्या वेळेला त्यांनी बटण बंद केलं होतं. पट्टा फिरत फिरत थांबला. तो शब्द एकटाच त्या पत्र्याच्या खोलीत राहिला.

बाया बघायला लागल्या. वडील म्हणले, "कोण रं तू?"

मी सांगितलं, ताईचा भाऊ. ते हसले, पण ते हसणं मला नको होतं. "मॅडमनं पढवून पाठवलं व्हय तुला? बाईचा आवाज म्हणं ह्यानं काढला. ह्ये मिसुरडं!"

"खरंच, काका."

"मग काढ."

"आता?"

"आता. ह्या समद्यांम्होरं."

मी जन्मभर लोकांच्या मागं लागून आवाज काढले. कुणी म्हणो न म्हणो. आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणी समोर उभं राहून 'काढ' म्हणलं तर मी बसचा रस्ता बघायला लागलो. तेवढ्यात आतल्या दाराच्या चौकटीत करमाड येऊन उभी राहिली. गळ्यात ओला टॉवेल. तोंड उतरलेलं. तिला बघितलं आणि मी डोळे मिटले.

फूऽऽ.

ऐका गं पोरींनो. उन्हाला भिणाऱ्यांनी घरी बसून पोळ्या लाटाव्यात. सगळं म्हणलं. जी सावली शोधेल ती बेंचवर. संपलं.

एक म्हातारी डबा सोडून मागं वळून बघायला लागली, "आगं बया, कोण बाई आली?" एरवी मी यावर आठवडाभर जगलो असतो. कुणी हसलं नाही. वडील खाली पोत्यावर बसले. "मी त्या माउलीला काय काय बोललो," एवढंच म्हणले.

मी तिला सांगितलं, बाकीच्या सगळ्या हसल्या, तू हसली नाहीस, मला वाटलं भाव खातेस. मग ती पोरगी बोलली.

"दादा, त्या दिवशी मी हसले नाय म्हणून तुमाला राग आला व्हता का?"

मी होकाराची मान हलवली.

"मी का हसू? मला वाटलं, मॅडमनं बोलावलं. सुट्टी असतानी बोलावलं. म्हणजे ट्रायलच्या आधी बघायचं असंल त्यान्ला. मी आबाला म्हणलं, बघा, मलाबी धरलंय त्यांनी. रातच्याला बूट पुसून ठिवले. तिथं आले तर कुणीच नाय. मला वाटलं, परीक्षा हाये, मॅडम कुठूनतरी बघत आसत्याल. अख्खा कोर्ट माझ्या एकटीचा. रोज मला कडंला उभं ऱ्हावं लागतं, नवी म्हणून. त्या दिवशी समदे शॉट माझे. मी लई खुश व्हते." ती थांबली. मग 'तुमी' सुटलं तिच्या तोंडून. "पडले त्याचं काय नाय, मी रोज पडते. पण माझा त्यो खुशीचा दिवस खोटा निघाला. त्यो तुझ्या तोंडातून निघालेला व्हता. आन् तू समोर रस पीत व्हतास. चाचानं सांगितलं मला, तू हसत व्हतास. मला टप्प्याच्या मधी हसणं ऐकू येत व्हतं. मला वाटलं, लोक खेळ बघून खुश झालेत."

 

वडिलांनी मोबाईल काढला, धोतराला पीठ पुसलं, मॅडमना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोर धरला. "बोल. सोताच्या आवाजात."

मी सांगितलं. पुसलेलं, रस, ताईच्या पायावरचा पाय, सगळं.   मग पलीकडून फुंकर आली. खरी. सवयीनं आलेली. आणि ती अर्ध्यातच थांबली, कारण त्यांच्या लक्षात आलं असणार.

"तुझी ताई काल येऊन गेली," मॅडम म्हणाल्या. "रडली. तिला मी काही बोलले नाही. तुझ्यासाठी ठेवलं होतं. आहेस का?"

"हो मॅडम."

"मी तीन दिवस माझा मोबाईल उलटापालटा करून बघत होते. झोपेत पाठवला का. ताप होता का मला. मीच बोलले असेन आणि विसरले असेन का. कारण आवाज माझा होता रे. सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? ते वाक्य मला माझंच वाटलं. मी विचार करत बसले, मी पोरींशी अशी बोलते का, की त्या सावलीला भितात? एवढी वर्षं मी त्यांना झाडाखाली हाकलतेय. तू जाळीला लटकून रोज ऐकायचास. फुंकर ऐकलीस, 'पोरींनो' ऐकलंस, शिट्टी ऐकलीस. 'सावलीत जा' तेवढं तुला ऐकू आलं नाही. त्यावर कुणी हसलं नसतं ना, म्हणून. गाढवा, नक्कल करायची तर माणूस पूर्ण घे. अर्धा घेऊन अर्धा फेकून देतोस आणि वर त्याला कला म्हणतोस. ती पोरगी मेली असती तर तिच्या आईला कुणाच्या आवाजात सांगितलं असतंस? बोल ना. का आता आवाज नाही? आणि ताईच्या पायावर पाय देताना बरा जोर होता अंगात. उद्यापासून पहाटे ग्राउंडवर यायचं. पोती भिजवायची, माठ भरायचे, पाणी नसेल तर डोक्यावर आणायचं, आणि पोरी खेळताना दर पाच मिनिटांनी ओरडायचं, 'सावलीत'. तुझ्या आवाजात. माझ्या आवाजात एकदाही ऐकलं तर शिट्टी तोंडात कोंबीन. रडू नकोस, मला ऐकू येतंय, ते पण खोटं वाटतं आता. आबा, तुम्ही आहात ना तिथं? तुमचं काही चुकलं नाही, मीही पोर तशीच पाठवली असती. डॉक्टर हो म्हणाले तरच खेळेल, नाहीतर पुढच्या ट्रायलला, पण नाव मी आजच घेऊन ठेवलंय. फोन पोरीला द्या. तिला मी स्वतः सांगते. आणि तू बाजूला हो रे, तिच्यावर ऊन येतंय का बघ, दारात उभी असेल ती."